तेंगिझ अबुलाद्झे

तेंगिझ अबुलाद्झे (३१ जानेवारी, इ.स. १९२४, कुताइसी – ६ मार्च, इ.स. १९९४, त्बिलिसी) हे जॉर्जियन चित्रपट दिग्दर्शक व पटकथालेखक होते. सोव्हियेत संघाच्या काळात जॉर्जियन चित्रपटाला स्वतःचा चेहरा मिळवून देणाऱ्या दिग्दर्शकांत त्यांची गणना होते. खेड्यातील माणसांचा विनोद, लोककथेतील अद्भुत आणि वास्तवातील क्रौर्य यांना एकाच कथानकात स्थान देणे हे त्यांच्या शैलीचे वैशिष्ट्य मानले जाते. 'वेद्रेबा' (विनवणी, १९६७), 'नात्वरिस खे' (इच्छावृक्ष, १९७६) आणि 'मोनानिएबा' (पश्चात्ताप, १९८४) हे त्यांचे तीन चित्रपट एकत्रितपणे त्रयी म्हणून ओळखले जातात. यांपैकी स्टालिनकालीन दडपशाहीवरील 'मोनानिएबा' हा चित्रपट पूर्ण झाल्यावर अडवून ठेवण्यात आला होता. पुढे तो प्रदर्शित झाला, तेव्हा सोव्हियेत संघातील खुलेपणाच्या धोरणाचे ते एक ठळक चिन्ह ठरले.

प्रारंभिक जीवन व शिक्षण

अबुलाद्झे यांचा जन्म पश्चिम जॉर्जियातील कुताइसी या शहरात झाला. तीनच वर्षांपूर्वी, म्हणजे १९२१ साली, लाल सैन्याने जॉर्जियाचे अल्पजीवी स्वतंत्र प्रजासत्ताक संपुष्टात आणून तेथे सोव्हियेत सत्ता स्थापन केली होती. अबुलाद्झे तेरा वर्षांचे असताना, १९३७ साली, अटकसत्र व देहदंडांची मोठी लाट देशभर आली. जॉर्जियात कवी तित्सियान ताबिद्झे आणि नाट्यदिग्दर्शक सांद्रो अखमेतेली यांना त्या वर्षी गोळ्या घालण्यात आल्या, तर कवी पाओलो याश्विली यांनी आत्महत्या केली. या घटनांविषयी उघडपणे बोलणे पुढची अनेक वर्षे शक्य नव्हते.

इ.स. १९४३ ते १९४६ या काळात अबुलाद्झे यांनी त्बिलिसी येथील शोता रुस्तावेली नाट्य संस्थेत शिक्षण घेतले. त्यानंतर ते मॉस्को येथील अखिल सोव्हियेत राज्य चित्रपट संस्थेत दाखल झाले आणि तेथील शिक्षण पूर्ण करून १९५३ साली त्बिलिसीला परतले. कुताइसीचेच रेझो च्खेइद्झे हे त्यांचे या काळातील निकटचे सहकारी होते. परतल्यावर दोघेही जॉर्जियाच्या सरकारी चित्रपट स्टुडिओत काम करू लागले. त्याच वर्षी स्टालिनचा मृत्यू झाला आणि सोव्हियेत कलाजीवनावरील निर्बंध हळूहळू सैल होऊ लागले.

कारकिर्दीचा आरंभ

सुरुवातीला माहितीपटांचे काम केल्यानंतर अबुलाद्झे आणि च्खेइद्झे यांनी मिळून 'मागदानास लुर्जा' (मागदानाचे गाढव, १९५५) हा पहिला कथापट दिग्दर्शित केला. एकोणिसाव्या शतकातील जॉर्जियन लेखिका एकातेरिने गाबाश्विली यांच्या कथेवर तो आधारलेला आहे. मागदाना ही गरीब विधवा मात्सोनी (दह्यासारखा पदार्थ) शहरात नेऊन विकते आणि आपल्या मुलांचे पोट भरते. एका कोळसा विक्रेत्याने मारझोड करून रस्त्यात मरायला टाकलेले गाढव मुलांना सापडते. मुले त्याची शुश्रूषा करतात आणि ते गाढव कुटुंबाच्या कामी येऊ लागते. पुढे मूळ मालक त्यावर हक्क सांगतो आणि न्यायालय त्याच्या बाजूने निकाल देते.

इ.स. १९५६च्या कान चित्रपट महोत्सवात या चित्रपटाला लघु कथापटाचा पुरस्कार मिळाला. स्टालिनच्या अखेरच्या काळात पडद्यावर भव्य ऐतिहासिक पट आणि नेत्यांचा गौरव यांचे प्राबल्य होते. त्या पार्श्वभूमीवर एक विधवा, तिची मुले आणि एक गाढव यांच्यापुरतीच ही कथा वेगळी उठून दिसली. जॉर्जियन चित्रपटाच्या नव्या पर्वाचा आरंभ या चित्रपटापासून झाला असे सामान्यतः मानले जाते.

यानंतर दोन्ही दिग्दर्शकांनी स्वतंत्रपणे काम केले. अबुलाद्झे यांच्या 'स्ख्विसी श्विलेबी' (परकी मुले, १९५८) या चित्रपटात एका विधुराच्या दोन मुलांवर जीव जडलेल्या तरुणीची कथा आहे. मुलांचा बाप त्यांना सोडून निघून जातो. रक्ताचे नाते नसलेल्या त्या मुलांची जबाबदारी मात्र ती तरुणी सोडत नाही.

ग्रामीण विनोदी चित्रपट

इ.स. १९६० मध्ये प्रसिद्ध झालेली नोदार दुम्बाद्झे यांची 'मी, आजी, इलिको आणि इलारिओनी' ही कादंबरी जॉर्जियात अतिशय लोकप्रिय झाली. अबुलाद्झे यांनी १९६२ साली तिच्यावर त्याच नावाचा चित्रपट केला. पश्चिम जॉर्जियातील गुरिया प्रांतातील एका खेड्यात झुरिकेला हा पोरका मुलगा आजीजवळ वाढत असतो. इलिको आणि इलारिओनी हे शेजारचे दोन म्हातारे त्याचे जणू पालकच असतात. हे दोघे एकमेकांची टर उडवतात, एकमेकांना फसवतात, रुसतात आणि पुन्हा एकाच घरी द्राक्षमद्य प्यायला बसतात. दुसऱ्या महायुद्धाची वर्षे या कथेत येतात, परंतु रणभूमी पडद्यावर जवळजवळ येतच नाही. गावातून निघून गेलेल्या तरुणांची उणीव तेवढी जाणवत राहते. आजीची भूमिका ज्येष्ठ अभिनेत्री सेसिलिया ताकाइश्विली यांनी केली. शिव्याशाप आणि माया एकाच दमात देणारी ही आजी जॉर्जियन प्रेक्षकांच्या कायम स्मरणात राहिली.

'साम्काउली सात्र्पोसात्विस' (प्रियेसाठी कंठहार, १९७१) हा त्यांचा दुसरा विनोदी चित्रपट दागेस्तानी लेखक अखमेदखान अबू-बकर यांच्या कथेवर बेतलेला आहे. दागेस्तानच्या डोंगराळ भागातील एक तरुण प्रेयसीसाठी अद्वितीय भेटवस्तू शोधायला गाव सोडतो आणि वाटेत त्याला नाना तऱ्हेची विक्षिप्त माणसे भेटतात. लोककथेतील प्रवासाचा साचा आणि भडक रंग यांचा यात मोकळेपणाने वापर केलेला आहे.

याच काळात जॉर्जियन चित्रपटात विनोदाची एक स्वतंत्र परंपरा आकाराला येत होती. एल्दार शेंगेलाया यांचे 'अद्भुत प्रदर्शन' (१९६८) आणि 'निळे डोंगर' (१९८३), तसेच ओतार इओसेलिआनी यांचा 'पास्तोराली' हे चित्रपट या परंपरेतील मानले जातात. समकालीन सोव्हियेत जीवनावरील थेट टीका सेन्सॉरच्या तपासणीतून सुटणे अवघड होते. खेड्यातील विक्षिप्त माणसांच्या गोष्टींना त्या मानाने अधिक मोकळीक मिळे. अबुलाद्झे यांच्या पुढील कामात हा विनोद उत्तरोत्तर गंभीर आशयाचे वाहन बनत गेला.

त्रयीचा आरंभ : 'वेद्रेबा'

दोन विनोदी चित्रपटांच्या मधल्या काळात, १९६७ साली, अबुलाद्झे यांनी 'वेद्रेबा' हा पूर्णपणे वेगळ्या प्रकृतीचा कृष्णधवल चित्रपट केला. पर्वतीय प्रदेशातील थोर कवी वाझा-प्शावेला (१८६१–१९१५) यांच्या 'आलुदा केतेलाउरी' आणि 'यजमान आणि पाहुणा' या दोन दीर्घ काव्यांवर तो आधारलेला आहे.

पहिल्या कथेतील आलुदा हा ख्रिस्ती खेवसुर योद्धा मुत्साल या मुस्लिम किस्त योद्ध्याला लढाईत ठार करतो. मारलेल्या शत्रूचा उजवा हात कापून आणण्याची टोळीची रीत असते. परंतु मुत्सालच्या शौर्यामुळे आलुदा तसे करत नाही, उलट त्याच्या नावाने बळी अर्पण करतो. यासाठी टोळी त्याला कुटुंबासह हद्दपार करते. दुसऱ्या कथेत जोकोला नावाचा किस्त एका अनोळखी शिकाऱ्याला घरी आणतो. तो शिकारी आपल्या जमातीचा वैरी असल्याचे गावकरी ओळखतात आणि आतिथ्याचा धर्म मोडून त्याला मारतात. जोकोला पाहुण्याच्या बाजूने स्वतःच्याच लोकांविरुद्ध उभा राहतो.

या दोन कथांभोवती कवी, श्वेतवस्त्रा युवती आणि सैतानासारखी एक व्यक्तिरेखा यांची रूपकात्मक चौकट आहे. चित्रपटात संवाद अल्प असून काव्यपठण, दगडी गढ्या, बर्फ आणि चेहरे यांवर भर आहे. समूहाच्या रूढीपुढे एकट्या माणसाच्या सदसद्विवेकबुद्धीचे काय होते, हा येथे मांडलेला प्रश्न त्रयीच्या पुढील दोन्ही भागांत कायम राहतो.

'नात्वरिस खे'

इ.स. १९७६ मधील 'नात्वरिस खे' हा चित्रपट कवी गिओर्गी लेओनिद्झे (१८९९–१९६६) यांच्या बालपणीच्या आठवणींवर आधारित कथांवरून घेतलेला आहे. पटकथा अबुलाद्झे आणि रेवाझ इनानिश्विली यांनी लिहिली. पूर्व जॉर्जियातील काखेती प्रांतातील एक खेडे आणि क्रांतीपूर्वीची वर्षे अशी त्याची पार्श्वभूमी आहे.

चित्रपटाचा मोठा भाग गावातील माणसांच्या स्वतंत्र वाटणाऱ्या प्रसंगांनी व्यापलेला आहे. एलिओझ हा गरीब माणूस सर्व इच्छा पूर्ण करणाऱ्या झाडाच्या शोधात भटकतो आणि अखेर थंडीत गारठून मरतो. प्रौढ फुफाला जुनाट, भपकेबाज पोशाख व रंगवलेला चेहरा घेऊन मिरवते आणि आपल्या काल्पनिक प्रेमाची कहाणी सर्वांना ऐकवते. इओराम क्रांतीची भाकिते करत फिरतो, बुम्बुला हा शिक्षक जॉर्जियाच्या गतवैभवात रमलेला असतो, तर पाद्रीला ऐहिक गोष्टींतच अधिक रस असतो. फुफालाची भूमिका सोफिको चिआउरेली यांनी केली. या माणसांच्या वेडाची कोठेही कारणमीमांसा केलेली नाही. गावाच्या दृष्टीने ती वेडे नेहमीच्या जगण्याचाच भाग असतात. या हाताळणीमुळे चित्रपटाचा उल्लेख जादुई वास्तववादाच्या संदर्भात केला जातो.

या गमतीदार चित्रणातूनच मुख्य कथा पुढे येते. मारिता (लिका कावजाराद्झे) ही सुंदर तरुणी गरीब गेदियावर प्रेम करते. परंतु गावाचा वडीलधारा त्सित्सिकोरे याच्या निर्णयानुसार तिचे लग्न एका श्रीमंत घरात लावून दिले जाते. पुढे गेदिया तिला भेटतो आणि हे उघडकीस येते. तेव्हा त्सित्सिकोरेच्या नेतृत्वाखाली गाव तिला गाढवावर बसवून चिखलातून तिची धिंड काढते. तिला वाचवायला धावलेला गेदिया मारला जातो आणि मारिताचाही अंत होतो. प्रेक्षक ज्यांच्या वेडगळपणावर हसत आलेला असतो, तेच गावकरी या धिंडीत सामील होतात किंवा नुसते पाहत उभे राहतात. अबुलाद्झे यांच्या पहिल्या चित्रपटात गाढव एका गरीब कुटुंबाचा आधार होते. येथे ते विटंबनेचे साधन झाले आहे. खसखशीच्या तांबड्या फुलांच्या शेतात मरणारा पांढरा घोडा आणि अखेरीस उजाड जागी फुललेले डाळिंबाचे झाड ही या चित्रपटातील दृश्ये विशेष प्रसिद्ध आहेत.

'मोनानिएबा'

इ.स. १९८०च्या दशकाच्या आरंभी अबुलाद्झे यांनी नाना जानेलिद्झे व रेझो क्वेसेलावा यांच्यासह 'मोनानिएबा'ची पटकथा लिहिली. स्टालिन आणि त्याचा गुप्त पोलीस प्रमुख लावरेंती बेरिया हे दोघेही जॉर्जियात जन्मलेले होते. ख्रुश्चेव्ह यांनी १९५६ साली स्टालिनवर टीका केल्यानंतर त्बिलिसीत निदर्शने झाली होती आणि ती गोळीबाराने मोडून काढण्यात आली होती. स्टालिन हा अनेक जॉर्जियनांच्या अभिमानाचा विषय होता; त्यामुळे हा चित्रपट केवळ राज्यकर्त्यांनाच नव्हे, तर जॉर्जियन समाजालाही अडचणीत टाकणारा होता.

नेहमीच्या पद्धतीने पटकथा मॉस्कोकडे मंजुरीसाठी गेली असती, तर ती मंजूर होणे अशक्यप्राय होते. जॉर्जियाच्या कम्युनिस्ट पक्षाचे तत्कालीन प्रमुख एदुआर्द शेवर्दनाद्झे यांनी प्रकल्पाला पाठिंबा दिला. जॉर्जियन दूरचित्रवाणीला स्थानिक कार्यक्रमांसाठी ठरावीक वेळ मिळत असे आणि त्यासाठी मॉस्कोच्या पूर्वसंमतीची गरज नसे. म्हणून हे काम दूरचित्रवाणीपट म्हणून हाती घेण्यात आले. नोव्हेंबर १९८३ मध्ये त्बिलिसीहून निघालेल्या एका विमानाच्या अपहरणाच्या प्रयत्नात चित्रपटातील एक तरुण अभिनेता सहभागी होता. त्यामुळे चित्रीकरण थांबले. नंतर तोर्निकेच्या त्या भूमिकेसाठी मेराब निनिद्झे यांची निवड झाली आणि १९८४ साली चित्रपट पूर्ण झाला.

कथानक

एका शहराचा माजी महापौर वारलाम अराविद्झे मरण पावतो आणि त्याचा थाटात दफनविधी होतो. दुसऱ्या दिवशी त्याचे प्रेत मुलाच्या, आबेलच्या, बागेत उभे असलेले आढळते. ते पुन्हा पुरले जाते आणि पुन्हा उकरले जाते. पोलीस चक्क प्रेतालाच अटक करतात. प्रेत उकरणारी स्त्री, केतेवान बारातेली, पकडली जाते आणि न्यायालयात आपली कहाणी सांगते. प्राचीन चर्च वाचवण्यासाठी धडपडणारे तिचे चित्रकार वडील सांद्रो आणि तिची आई या दोघांनाही वारलामच्या राजवटीत संपवण्यात आलेले असते. अशा माणसाला मातीत विसावू द्यायचे नाही, असा तिचा निर्धार असतो. ही कहाणी ऐकून वारलामचा नातू तोर्निके वडिलांना जाब विचारतो. आबेल मात्र आपल्या वडिलांच्या कृत्यांचे समर्थनच करत राहतो. अखेर तोर्निके आजोबांनी दिलेल्या बंदुकीने आत्महत्या करतो आणि उद्ध्वस्त झालेला आबेल स्वतःच वडिलांचे प्रेत उकरून कड्यावरून फेकून देतो. शेवटी हा सारा घटनाक्रम केतेवानच्या मनातच घडल्याचे सूचित होते. प्रत्यक्षात ती घरी चर्चच्या आकाराचे केक बनवत बसलेली असते.

रूपक आणि विनोद

चित्रपटात स्टालिनचे नाव येत नाही. वारलामची मिशी हिटलरसारखी, चष्मा बेरियासारखा आणि काळा सदरा मुसोलिनीसारखा आहे. त्याचे आडनाव 'कोणीच नाही' या अर्थाच्या जॉर्जियन शब्दावरून बनवलेले आहे. त्याचे शिपाई मध्ययुगीन चिलखत घालतात. तो सांद्रोच्या घरी पाहुणा म्हणून येतो, गोड आवाजात गाणी म्हणतो आणि खिडकीतून उडी मारून जातो. त्याचा हस्तक एकाच आडनावाची सगळी माणसे ट्रकमधून पकडून आणतो. एक कैदी मुंबईपासून लंडनपर्यंत भुयार खणण्याच्या कटाची कबुली देतो. आरोप इतके हास्यास्पद झाले की कोणाच्या तरी लक्षात सत्य येईल, असा त्याचा हिशेब असतो; परंतु तसे काही होत नाही. या प्रसंगांलगतच ओंडक्यांचे प्रसिद्ध दृश्य येते. दूरच्या छावण्यांतून आलेल्या ओंडक्यांवर कैद्यांनी नावे कोरली असतील या आशेने बायका आणि मुले चिखलात ती नावे शोधत फिरतात.

वारलाम आणि आबेल या दोन्ही भूमिका अवतांदिल माखाराद्झे यांनी केल्या. बापाचे अपराध झाकणारा मुलगा त्याच अपराधाचा भागीदार होतो, हा आशय या दुहेरी भूमिकेने अधोरेखित केला. अखेरच्या दृश्यात एक वृद्धा केतेवानला हा रस्ता चर्चकडे जातो का असे विचारते आणि जो रस्ता तेथवर नेत नाही त्याचा उपयोग तरी काय, असा प्रश्न करून निघून जाते. ही छोटी भूमिका वेरिको अंजापारिद्झे यांनी केली. त्यांचे पती मिखेइल चिआउरेली हे स्टालिनचा गौरव करणाऱ्या 'बर्लिनचा पाडाव' या चित्रपटाचे दिग्दर्शक होते.

प्रदर्शन व पुरस्कार

पूर्ण झालेला चित्रपट सुमारे दोन वर्षे अडवून ठेवण्यात आला. मार्च १९८५ मध्ये मिखाईल गोर्बाचेव्ह सत्तेवर आले आणि त्याच वर्षी शेवर्दनाद्झे सोव्हियेत संघाचे परराष्ट्रमंत्री झाले. मे १९८६ मध्ये सोव्हियेत चित्रपटकर्मी संघाचे नेतृत्व बदलून एलेम क्लिमोव्ह प्रमुखपदी निवडले गेले आणि अडकलेले चित्रपट मोकळे करण्याचे काम सुरू झाले. 'मोनानिएबा' प्रथम जॉर्जियात आणि जानेवारी १९८७ मध्ये मॉस्कोत प्रदर्शित झाला. देशभरातील लाखो प्रेक्षकांनी तो पाहिला. ज्यांच्या घरातील माणसे १९३७ नंतर परत आली नव्हती, अशा कुटुंबांसाठी त्या विषयाची ही उघड वाच्यता होती.

मे १९८७ मध्ये कान महोत्सवात या चित्रपटाला परीक्षक मंडळाचा विशेष ग्रां प्री आणि आंतरराष्ट्रीय समीक्षक महासंघाचा पुरस्कार मिळाला. १९८८ साली त्रयीसाठी अबुलाद्झे यांना लेनिन पुरस्कार देण्यात आला. त्यापूर्वी १९८० मध्ये त्यांना 'सोव्हियेत संघाचे लोककलावंत' हा किताब मिळाला होता. ज्या राज्यव्यवस्थेने चित्रपट अडवला, तिनेच चार वर्षांच्या आत त्याचा सर्वोच्च सन्मान केला.

अखेरची वर्षे व वारसा

'मोनानिएबा' हा अबुलाद्झे यांचा अखेरचा चित्रपट ठरला. एप्रिल १९९१ मध्ये जॉर्जियाने स्वातंत्र्य घोषित केले. त्यानंतरच्या यादवी युद्धात आणि आर्थिक कोसळणीत तेथील चित्रपटनिर्मिती जवळजवळ थांबली. ६ मार्च १९९४ रोजी त्बिलिसी येथे त्यांचे निधन झाले.

सुमारे तीस वर्षांत अबुलाद्झे यांनी केवळ सात कथापट केले. त्यांचा विषय बहुधा एकच राहिला : एखादे गाव किंवा शहर आपल्यातील एका निरपराध व्यक्तीवर अन्याय करते, तेव्हा बाकीचे काय करतात. 'वेद्रेबा'त समूहाची रीत, 'नात्वरिस खे'मध्ये गावची अब्रू आणि 'मोनानिएबा'त राज्यसत्ता या अन्यायाचे कारण होते. विनोदामुळे प्रेक्षकाला या माणसांविषयी आपुलकी वाटू लागते आणि म्हणून त्यांच्या मौनाचा दोष त्याला परका वाटत नाही. जॉर्जियन चित्रपटाच्या इतिहासात अबुलाद्झे यांचे स्थान मुख्यतः यामुळे महत्त्वाचे मानले जाते.

कथापटांची सूची

१९५५ – मागदानास लुर्जा (रेझो च्खेइद्झे यांच्यासह)
१९५८ – स्ख्विसी श्विलेबी
१९६२ – मी, आजी, इलिको आणि इलारिओनी
१९६७ – वेद्रेबा
१९७१ – साम्काउली सात्र्पोसात्विस
१९७६ – नात्वरिस खे
१९८४ – मोनानिएबा (सार्वत्रिक प्रदर्शन १९८७)